‘डॉमिनियन्स’ची किंमत आणि तिचा हिशेब

साधी चित्रे असलेल्या, संगणकावर चालीचालीने खेळायच्या काल्पनिक युद्धखेळांना पूर्ण किंमत मोजणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, हे एका लेखात वाचलेले मत मला सरसकट मान्य नाही. स्वीडनमधील ‘इलविंटर’ या अगदी छोट्या चमूचा, जानेवारी 2024 मध्ये आलेला ‘डॉमिनियन्स 6’ हा असाच खेळ दिसायला ओबडधोबड आहे खरा. पण त्यात शेकडो मंत्र आहेत, कैलास आणि लंका या नावांची राष्ट्रे आहेत (कैलासावर वानरसेना पाहून मला गंमत वाटली), आणि सर्व खेळाडूंच्या आज्ञा एकदम अमलात येत असल्याने लढाई सुरू झाल्यावर आपण केलेली मांडणी टिकते की कोसळते, हे नुसते पाहत बसावे लागते. राजारामपुरीतील माझे एक मित्र आणि मी रात्री जेवणे आटोपल्यावर एकेक चाल पाठवतो. डाव सहज महिनोन्महिने चालतो. मात्र जाडजूड नियमपुस्तिका वाचण्याचा ज्यांना कंटाळा आहे, त्यांनी तो सवलतीतही घेऊ नये; त्यांच्यासाठी 2003 पासून विनामूल्य मिळणारा ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ आहे, जो जुन्या लॅपटॉपवरही चालतो. माझा आक्षेप मूळ किमतीपेक्षा काही मोठ्या कंपन्या नंतर तुकड्यातुकड्यांनी विकतात त्या विस्तारसंचांवर (मूळ खेळाला जोडायच्या जादा भागांवर) आहे, आणि त्या लेखात त्यांचा उल्लेखही नाही.