गळतंय, पण बोलायचं नाही

"वय झालं की व्हायचंच!" हे ऐकलं की डोकंच फिरतं. गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणाला शिंकताना, हंडा उचलताना लघवी गळते, कुणाला शौच आवरत नाही. उपाय काय? पाणी पिऊ नका, लग्नाला जाऊ नका, एसटीत बसू नका! अहो, पाणी तोडलं की लघवी दाट होऊन मूत्राशय आणखी चिडतं, वर बद्धकोष्ठ. बाळंतपण, मधुमेह, प्रोस्टेट ग्रंथीचा त्रास (पुरुषांनो, तुम्हीही यात आहात), कारणं ढीगभर. गळती आवरायला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम तर अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. केगेल यांनी १९४८ सालीच मांडले. पण आमचा मेडिकलवाला मोठ्यांचे डायपर अजून पेपरात गुंडाळून, काळ्या पिशवीत कोंबून, इकडेतिकडे बघत देतो. चोरीचा माल आहे का तो? गुडघेदुखी मात्र पडवीत बसून अख्ख्या वाडीला ऐकवतील!