दुसऱ्या रात्रीच्या आग्रहाबद्दल: आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

लांबच्या सायकल प्रवासातला एक मुक्काम आपण आमच्या लॉजवर केलात आणि त्याविषयी वेळ काढून सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. डोके दुखते असे सांगताच व्यवस्थापकाने आणखी एक रात्र थांबण्याचा आग्रह धरला आणि तो खोली विकण्यासाठीच होता, ही आपली मुख्य तक्रार आहे. निघताना नोंदवहीत पुढच्या मुक्कामाचे नाव लिहून घेतले, सायकल खोलीत नेऊ दिली नाही आणि रात्रीचे जेवण उशिरा मिळाले, असेही आपण म्हटले आहे. पहिल्या तक्रारीत आमच्या हेतूवरच शंका आहे, म्हणून तिचे उत्तर मोकळेपणाने देतो.

आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवर आहे. इथल्या हवेतही ऑक्सिजनचा वाटा २१ टक्केच असतो, परंतु हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास उतरलेला असल्यामुळे प्रत्येक श्वासातून शरीराला मिळणारा ऑक्सिजन त्याच प्रमाणात घटतो. विरळ हवेचा त्रास बहुधा पोहोचल्याबरोबर जाणवत नाही. तो सहा ते बारा तासांनी डोके वर काढतो. त्यामुळे दुपारी उत्साहाने घाट चढून आलेले सायकलस्वार रात्री ताटावर बसल्यावर 'भूक नाही, डोके ठणकते आहे' असे सांगतात, हे आम्ही दर हंगामात पाहतो. आपल्याला भूक नव्हती आणि उठल्यावर गरगरत होते, हे आपण स्वतःच अभिप्रायात लिहिले आहे, म्हणूनच त्याचा उल्लेख करतो. नव्याने उंचीवर आलेल्या माणसाला डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा जाणवू लागला, तर दुसरे कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा आणि लक्षणे जाईपर्यंत आणखी वर झोपायला जाऊ नये, हा गिर्यारोहण वैद्यकातील सर्वमान्य नियम आहे.

आपण लिहिता की रोज शंभर किलोमीटर सायकल चालवणाऱ्याला असा सल्ला देणे हास्यास्पद आहे. याबाबत मी आपल्याशी आदरपूर्वक पण ठामपणे असहमत आहे. पायांत ताकद असली, दम चांगला असला, तरी उंचीच्या त्रासापासून संरक्षण मिळत नाही. उलट तयारीचा स्वार एका दिवसात जास्त चढतो आणि अंगाला सवय होण्याआधीच वर पोहोचतो. ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असे सांगितले जाते. आमच्यानंतरचा मुक्काम खिंडीच्या अलीकडे, आमच्यापेक्षा तब्बल ९०० मीटर उंच आहे आणि मध्ये निवाऱ्याची सोय नाही.

त्या सकाळी व्यवस्थापकाने आपल्यापुढे एकच मार्ग ठेवला नव्हता, हेही नमूद करणे आवश्यक आहे. इथेच एक दिवस थांबा, नाहीतर खालच्या गावात उतरून तिथे झोपा, आणि त्रास वाढत असेल तर आधी दवाखान्यात जा, असे तीन पर्याय त्याने सांगितले होते. खाली उतरणाऱ्या पाहुण्याकडून आम्हाला काहीही मिळत नाही. आपण दुपारी निघून सुखरूप पोहोचलात याचा मनापासून आनंद आहे. मात्र तेवढ्यावरून तो सल्ला चुकीचा होता असे मला वाटत नाही.

नोंदवहीचेही कारण हेच आहे. डोंगरात दुपारनंतर ढग दाटतात, दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते आणि घामाने भिजलेला स्वार वाऱ्यात थांबला की लवकर गारठतो. कोण कुठे जायला निघाले आहे हे कुठेतरी लिहिलेले असेल, तरच संध्याकाळी पुढच्या मुक्कामाला फोन करून चौकशी करता येते. ही माहिती आम्ही अन्य कोणालाही देत नाही.

सायकली तळमजल्यावरील बंद शेडमध्ये ठेवल्या जातात आणि कुलपाची किल्ली पाहुण्याकडेच असते. पॅनियर, म्हणजे सायकलला अडकवलेल्या सामानाच्या पिशव्या, काढून खोलीत नेण्यास कधीच मनाई नव्हती; चिखलाने माखलेली सायकल आणि तेलकट चेन अरुंद जिन्यावरून वर नेण्यास आहे. जेवणाबद्दल सांगायचे तर या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे शिजायला वेळ लागतो, आणि आधी करून ठेवलेले पुन्हा गरम करून वाढणे आम्हाला पटत नाही.

विश्रांतीचा दिवस म्हणजे दिवसभर अंथरुणात पडून राहणे नव्हे. थोडे पायी फिरावे, तहान लागेल तसे पाणी प्यावे, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात आणि भूक कमी असली तरी थोडे-थोडे खात राहावे. सलग चढाने रिकामा झालेला स्नायूंमधील साखरेचा साठा पुन्हा भरायला पोटभर खाऊनही जवळजवळ एक दिवस लागतो. घाट उतरायचा असेल, तर ब्रेकचे पॅड आणि स्पोक तपासायलाही तोच दिवस उपयोगी पडतो. माझ्या मते सायकल प्रवासात सर्वांत सहज कापला जाणारा आणि सर्वांत जास्त गरजेचा दिवस हाच आहे.

प्रकृतीविषयीचा हा सल्ला आम्ही यापुढेही प्रत्येक सायकलस्वाराला देत राहू. आपण परतीच्या वाटेवर किंवा पुढे कधी आलात, तर दोन रात्रींचे आरक्षण करावे, अशी विनंती आहे. सकाळी बरे वाटत असेल, तर दुसरी रात्र त्याच वेळी रद्द करता येईल आणि तिचे पैसे घेतले जाणार नाहीत.

आपला नम्र,
लॉजचा मालक