फलक वाढतो, पण गडी उठत नाही

खेळातून धंदा शिकवणाऱ्या भाषणांत काय ऐकायला मिळतं? जिद्द, संघभावना, हार मानू नका. एवढं सांगायला मैदानात उतरायची गरजच नाही. कबड्डी शिकणाऱ्या पोराला धंदा शिकवतात ते खेळाचे नियम, आणि माझ्या मते त्यातला एक सगळ्यांत मोठा: बोनसच्या गुणावर गडी उठत नाही.

ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिली त्यांच्यासाठी सांगतो. समोर किमान ६ गडी असले तरच बोनस मिळतो. चढाई करणाऱ्याचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि दुसरा हवेत हवा. गुण मिळतो १, पण आपला बाहेर बसलेला गडी बाहेरच राहतो. तो आत येतो समोरच्याचा गडी बाद झाला तरच. नवखा संघ बोनस घेत घेत फलकावर पुढे दिसतो, मैदानात मात्र तीनच जण उरलेले असतात. मग उरलेलेही बाद होऊन लोण बसतो, म्हणजे अख्खा संघच बाद, आणि समोरच्याला वरचे २ गुण.

आता हेच अमळनेर-चोपड्याकडच्या एखाद्या कृषी केंद्रात बघा. समजा खेळतं भांडवल ७ लाख, म्हणजे सात गडी. जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर गेलं की बिलबुक भरतं, विक्रीचा आकडा फुगतो, मालक खूश. पण त्यातले ४ लाख बाहेर बसलेत. उरलेल्या तिघांत हाताला हात धरून पकडीची साखळी काय करणार? कंपनीला रोख भरून मिळणारी २ टक्के सूट पहिली जाते. ती सोडून महिनाभराची उधारी घेतली की वर्षाला २४ टक्क्यांच्या आसपास व्याज भरल्यासारखंच झालं, फक्त ते पासबुकात दिसत नाही. आणि १ लाख बुडाले, निव्वळ ३ टक्के सुटत असतील, तर ते भरून काढायला ३३ लाखांची विक्री लागते. कबड्डीत तीन किंवा कमी गडी असताना पकड केली तर एक गुण जास्तीचा मिळतो. धंद्यात अशी दया कोणी दाखवत नाही.

कबड्डीत गडी उठतो तो बाद झालेल्या क्रमानेच. वसुलीत आपण नेमकं उलटं करतो. शेतकरी कालच्या फवारणीच्या औषधाचे पैसे देतो, आपण कालचंच बिल कापतो, आणि जूनचं खताचं बिल कुजत पडतं. आलेली रक्कम आधी सर्वांत जुन्या बिलात जमा करायची आणि पावतीवर त्याच बिलाचा नंबर टाकायचा. हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं तर नंतर कटकट होत नाही.

मग वेळ. कोपऱ्यातला गडी घोटा धरतो तो चढाईपटूचा पाय टेकून त्यावर भार आल्यावर. आधी झेप घेतली तर पाय निसटतो आणि हात लागल्यामुळे आपणच बाद. ऑगस्टमध्ये कपाशीवाल्याच्या दारात जाणं म्हणजे तीच अर्धवट झेप: पैसा नाहीच, वर संबंध बिघडतात. त्याच्याकडे पहिल्या वेचणीचा कापूस विकला की जायचं, दिवाळीच्या आसपास. भाव वाढेल म्हणून त्याने कापूस घरातच ठेवला असेल, तर निम्म्यावर तोडगा काढायचा. रावेर-यावलच्या केळीवाल्याची गोष्ट वेगळी. त्याची कापणी लागवडीनंतर साधारण वर्षभराने, म्हणून त्याची मुदत महिन्यांवर न धरता कापणीवर धरायची.

शेवटचं, तिसरी चढाई. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणाराच बाद. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून हे घराघरांत माहीत आहे, तरी वसुलीला दहा-दहा रिकाम्या चकरा चालूच. पहिल्यांदा फोन, दुसऱ्यांदा बिलाची प्रत घेऊन स्वतः, तिसऱ्यांदा थोडी तरी रक्कम किंवा बाकीच्या आकड्याखाली सही. ती सही नुसती समाधानासाठी नसते. उधारीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते, आणि ती संपायच्या आत सही केलेली लेखी कबुली मिळाली तर मुदत नव्याने मोजली जाते.

रक्कम आणि सही, दोन्ही नाही मिळालं तर उधारीचा माल बंद. "दुसऱ्या दुकानात जाईल ना भो" हे उत्तर प्रत्येक जण देतो. जाऊ द्या, तिथेही तो उधारच मागणार आहे.