महापालिकांना कुलूप कोर्टाने लावलं?

‘कोर्टाने चार वर्षं महापालिका कुलूपबंद ठेवल्या. ओबीसींच्या जागा घालवल्या. निवडणूक घेणं आयोगाचं काम, न्यायाधीशांनी त्यात नाक खुपसूच नये, घटनेतच मनाई आहे.’ व्हॉट्सॲपवर फिरणारा हा मजकूर एकदा तारखा लावून वाचायला हवा.

आधी कुलपाचं, म्हणजे निवडणुका न होण्याचं. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक उरकली पाहिजे, हे घटनेतच आहे. दंगल किंवा नैसर्गिक आपत्ती सोडली तर सबब चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात बजावलंही होतं. आपल्याकडे कुठली आपत्ती आली होती? त्याच मार्चमध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले, आणि गंमत म्हणजे त्या वेळी सत्ताधारी-विरोधकांचा सूर एकच होता. आघाडी सरकारने मुंबईचे प्रभाग 227 चे 236 केले होते. ऑगस्टमध्ये शिंदे सरकारने ते पुन्हा 227 वर आणले. प्रभाग बदलला की नकाशे, हरकती, सुनावण्या, मतदारयाद्यांची फोड, आरक्षणाची सोडत, सगळं पहिल्यापासून. 236 प्रभागांची सोडत मे 2022 मध्ये निघाली, ओबीसी जागांसाठी जुलैत पुन्हा निघाली, आणि दोन्ही रद्दीत गेल्या.

या काळात कोर्ट काय म्हणत होतं? 4 मे 2022: दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा. 20 जुलै 2022: पुन्हा तेच.

ओबीसी जागांचा आरोप तर सरळ उलटा आहे. ओबीसींच्या मागासलेपणाचा अभ्यास करायला समर्पित आयोग नेमा, संस्थानिहाय आकडेवारी गोळा करा, एकूण आरक्षण 50 टक्क्यांपुढे नेऊ नका, ही चौकट घटनापीठाच्या 2010 च्या निकालातून आली. मार्च 2021 मध्ये वाशीम, नागपूर वगैरे जिल्हा परिषदांच्या जागांवर गदा आली, तोवर दहा वर्षं हाताशी होती आणि सरकारं दोन्ही बाजूंची होऊन गेली होती. आकडेवारी कुणीच गोळा केली नाही. असा समर्पित आयोग, बांठिया आयोग, 2022 मध्ये नेमला गेला, जुलैत अहवाल आला आणि त्याच महिन्यात कोर्टाने तो मान्य करून आरक्षणासह निवडणुकांना वाट दिली.

राहिली घटनेतली मनाई. ती आहे. पण ती मुख्यतः निवडणुकीला थेट वरच्या कोर्टात रिट याचिका करून आव्हान देण्यापुरती. निकालाविरुद्ध निवडणूक याचिकेचा रस्ता उघडाच आहे. मुंबईत ही याचिका लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांपुढे जाते, म्हणजे पुन्हा कोर्टातच! आणि निवडणूक आयोगच सरकारच्या मुठीत असेल तर काय? गोव्यात 2021 मध्ये कायदा सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार होता. मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे, केपे या पालिकांची आरक्षणं उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केलाच, शिवाय सरकारी नोकरीतल्या माणसाने आयुक्तपद सांभाळायचं नाही, असंही सांगितलं. नाक खुपसलं नसतं तर सरकारचा सचिवच पंच म्हणून राहिला असता.

कोर्टावर रागवायला जागा नाही असं मात्र नाही, आणि त्या फॉरवर्डमध्ये नेमकी तीच तारीख नाही. 22 ऑगस्ट 2022 ला सर्वोच्च न्यायालयाचा ‘जैसे थे’चा आदेश झाला आणि निवडणुका थांबल्या. तो काही आठवड्यांपुरता होता. पुढे तारखांवर तारखा पडत 6 मे 2025 उजाडला, तेव्हा कुठे चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश निघाला. एरवी इतरांना मुदत घालून देणाऱ्या कोर्टाने स्वतःच्या सुनावणीला मुदत घातली नाही, आणि या अडीच वर्षांहून जास्त काळाचा जाब कोर्टालाच विचारायला हवा. त्यानंतर मात्र ईव्हीएम, कर्मचारी, शाळांच्या इमारती अशी कारणं सांगून आयोगाने वाढीव वेळ मागितली, कोर्टाने 31 जानेवारी 2026 ही शेवटची तारीख ठरवली आणि 15 जानेवारीला 29 महापालिकांचं मतदान झालं. ज्या 57 नगरपरिषदा-नगरपंचायतींत आरक्षण 50 टक्क्यांपुढे गेलं होतं, तिथेही कोर्टाने मतदान रोखलं नाही. निकाल तेवढे अंतिम निर्णयाच्या अधीन ठेवले.