पेन्शन नामंजुरीचं पत्र ट्रंकेत ठेवू नका

दादा सैन्यात 22 वर्षांची नोकरी करून हवालदार म्हणून 2014 ला घरी आला, तो बीपीच्या गोळ्या घेऊनच. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून भरतीला गेला तेव्हा डोंगर एका दमात चढणारा पोरगा होता. निवृत्तीच्या वेळी तब्येत तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने त्याचं अपंगत्व 30 टक्के ठरवलं, तेही आयुष्यभरासाठी. पण खालच्या रकान्यात लिहिलं, आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. का, तर आजार सापडला तेव्हा पोस्टिंग शांत ठिकाणी होती. त्याच्या आधीची तीन वर्षं त्याने बर्फातल्या चौकीवर काढली, त्याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नाही.

त्यावरूनच त्याची डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे नोकरीमुळे आलेल्या अपंगत्वाची पेन्शन, नामंजूर झाली. ते पत्र त्याने ट्रंकेत युनिफॉर्मखाली ठेवलं. वहिनीला ते दीड वर्षाने सापडलं. विचारलं तर म्हणाला, "ज्या फौजेचं मीठ खाल्लं तिच्यावर केस टाकू का?"

आमच्याकडच्या कितीतरी घरांत हेच होतं म्हणून लिहितोय. हक्काचं मागण्यात बेइमानी कसली?

धरमवीर सिंग नावाचा जवान 1985 ला भरती झाला. नऊ वर्षांनी फिट्स येतात म्हणून 20 टक्के अपंगत्व लावून त्याला घरी पाठवलं आणि पेन्शन नाकारली. 2 जुलै 2013 ला सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी आजाराची नोंद केली नसेल, तर माणूस धडधाकट होता आणि तब्येत नोकरीत बिघडली असंच धरायचं. तसं नसेल तर बोर्डाने कारणं लिहायची. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा जवानालाच.

हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. दादाच्या पत्रात कारण म्हणून एकच ओळ होती.

पहिलं अपील फेटाळलं, दुसरंही फेटाळलं. दोन्ही उत्तरांत तेच वाक्य. मग मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे सैनिकांचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, अर्ज केला. तारखेच्या आदल्या रात्री एसटीने निघायचं, मांडीवर फाईल. 2019 ला निकाल आमच्या बाजूने लागला. 30 टक्क्यांचे 50 धरले गेले, कारण सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालाने टक्केवारी अशी वाढवून धरण्याची सवलत मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केली. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम मिळते. म्हणजे दादाला 9 टक्क्यांऐवजी 15 टक्के.

राग मला या गोष्टीचा येतो की 2013 ला जे ठरलं, ते प्रत्येक जवानाने पुन्हा वेगळं भांडून का मिळवायचं? मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 ला असे खटले कमी करायला तज्ज्ञांची समिती नेमली होती. जखमी, आजारी जवानांना पेन्शनसाठी कोर्टात ओढू नका असाच तिचा सूर होता. तरीही पत्रं येतच राहिली. ज्याच्याकडे वकिलाची फी नाही, मुंबईला जायची ताकद नाही, त्याचा हक्क तिथेच बुडतो. हे मला अजिबात मान्य नाही.

घरात असं पत्र असेल तर ते, मेडिकल बोर्डाचे कागद आणि डिस्चार्ज बुक आधी एकत्र करा. बोर्डाची प्रत नसेल तर जवानांचे नोकरीचे कागद ठेवणाऱ्या सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला माहितीच्या अधिकारात अर्ज करा. पत्राचा लिफाफाही फेकू नका, त्यावर तारीख असते. ट्रिब्युनलमध्ये जायला अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते. ती गेली तरी वकिलाला विचारा, कारण पेन्शनचं नुकसान दर महिन्याला होत असतं आणि त्या आधारावर उशीर माफ होऊ शकतो. मात्र उशिरा गेलात तर मागची थकबाकी साधारण तीनच वर्षांची मिळते. सुप्रीम कोर्टाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालात तेच झालं, 1983 ला घरी आलेला जवान 1999 ला कोर्टात गेला होता. 21 सप्टेंबर 2023 पासून पुढे निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागतात, त्यांनी ते धरूनच सल्ला घ्यावा.

काल संध्याकाळी शेजारच्या वाडीतले एक नाना पिशवी घेऊन आले. त्यांचं नामंजुरीचं पत्र 2009 चं आहे. दादा चष्मा लावून त्यांचे कागद तारखेप्रमाणे लावत बसला होता, रात्री अकरापर्यंत. सोमवारी तोच त्यांना घेऊन वकिलाकडे जाणार आहे.