नटबोल्टांच्या ११८० रुपयांबद्दल

नमस्कार सर,

आमच्या गॅरेजबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलाय, ठीक आहे. तुमचं म्हणणं असं की दोन्ही लोअर आर्म (चाकाला सांगाड्याशी खालून जोडणारे दांडे) आणि सस्पेन्शनच्या लिंक रॉडच्या कामात "नटबोल्ट वगैरे" म्हणून ११८० रुपये लावले, जुने चांगले असताना. दोन बोल्टांसाठी गाडी रात्रभर अडकवली, तुमचं मुंबईला जाणं राहिलं. आणि गाडी जॅकवरून उतरवल्यावर पोरगा परत खाली घुसून बोल्ट आवळत होता, म्हणजे आधी विसरला होता.

आधी आमची चूक. लिंक रॉडचे चार नट, प्रत्येकी ६० प्रमाणे २४० रुपये, बिलात लागायलाच नको होते. नवीन लिंक रॉडच्या डब्यात नट सोबतच येतात, तेच बसवलेत. बिल करताना ते वेगळे धरले गेले. तुम्ही नेमका मुद्दा काढलात, २४० रुपये परत मिळतील. दुसरं, "नटबोल्ट वगैरे" असं मोघम लिहिणं चुकीचंच. आणि बोल्ट उद्या येणार हे दुपारी कळलेलं असताना तुम्हाला फोन गेला रात्री आठला. तो मीच करायला हवा होता.

बाकीच्या ९४० रुपयांचा हिशोब असा. लोअर आर्मचे चार बोल्ट ५८०, आर्म आणि चाकामधल्या बॉल जॉइंटचे दोन नटबोल्ट २२०, टाय रॉड एंडचे (स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) दोन नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले, १४०. टाय रॉड एंड सोडवला कारण स्टीअरिंगमधली खडखड तिथून येते का ते बघायचं होतं. तो चांगला निघाला, तोच परत बसवला, नवीन गळ्यात मारला नाही. पण त्याचा नट बदलला. का, ते सांगतो. नवीन नायलॉक नट हाताने दोन-तीन आटे चढतो आणि नायलॉनच्या रिंगपाशी अडतो, पुढे पाना लागतो. तुमचा उजवीकडचा नट दोन बोटांनी तळापर्यंत फिरला. म्हणजे रिंग खलास. असा नट आवळला तर त्या दिवशी बसेल, पण खड्ड्यातल्या हादऱ्यांनी सैल व्हायला लागला तर त्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. आणि तो नट स्टीअरिंगचा आहे.

तुम्ही लिहिलंय की आधीच्या गॅरेजने जुनेच बोल्ट टाकले आणि दोन वर्षं काही झालं नाही. सर, आर्मचा डावीकडचा मागचा बोल्ट गाडीचा मूळचा नव्हता आणि कंपनीचाही नव्हता. बाकी तिघांच्या डोक्यावर १०.९ कोरलेलं आहे, ह्याच्या डोक्यावर काहीच नाही. कोणी आणि कधी टाकला माहीत नाही. तुम्ही अंबडला कंपनीत आहात म्हणून आकडे सांगतो. १० म्हणजे तुटेपर्यंत साधारण १००० मेगापास्कल ताण, आणि .९ म्हणजे त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत बोल्ट ताणला तरी मूळ लांबीवर परत येतो. बिनखुणेच्या बोल्टाची कसलीच खात्री नाही. आर्म जागेवर राहतो तो बोल्टाने ब्रॅकेटमध्ये घट्ट दाबून धरल्यामुळे. दाब कमी झाला की बुशची (आर्मच्या टोकातल्या रबरी गादीची) नळी सरकते, ब्रॅकेटचं भोक लांबट होत जातं आणि ब्रेक मारला की "टक" असा आवाज येतो. तुम्ही तक्रार ह्याच आवाजाची केली होती ना?

मग उरलेले तीन तरी का बदलले? तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ते आधी टॉर्कवर, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंत आवळून, नंतर ठरलेल्या अंशात फिरवायचे आहेत. पोरगा पांढऱ्या मार्करने खुणा करून "टाइमपास" करत होता असं तुम्ही म्हणालात, ती हीच गोष्ट, किती अंश फिरला ते खुणेवरून कळतं. असे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणतात, काही मूळ लांबीवर परत येतच नाहीत. म्हणून एकदा काढले की नवीन. ते कंपनीचेच हवे होते, ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाचा बोल्ट तासाभरात मिळाला असता, गाडी त्याच संध्याकाळी देता आली असती. पण ती घेऊन तुम्ही कसारा घाट उतरणार होतात.

सगळंच आम्ही बदलत नाही. चाकांचे नट, ब्रेक पाइपच्या ब्रॅकेटचे छोटे बोल्ट वायर ब्रश मारून तेच लावलेत.

आणि शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असतानाच करायचं असतं, विसरलेलं नव्हतं. हवेत लटकलेल्या आर्मवर बोल्ट कचकून आवळला तर गाडी खाली येताच बुशचं रबर पिळलं जातं आणि तसंच पिळलेलं राहतं. मग ते लवकर फाटतं. ह्या पावसाळ्यात त्र्यंबक रोडवरच्या दोन गाड्या आल्या, बुश नवे आणि फाटलेले. कारण बहुधा हेच.

तुमचे जुने बोल्ट आणि नट पिशवीत घालून, गाडीचा नंबर लिहून ठेवलेत. डावीकडचा तो बिनखुणेचा वेगळ्या कागदात गुंडाळलाय. येऊन हातात घेऊन बघा, तो नायलॉक नट स्वतः बोटाने फिरवा. २४० रुपये काउंटरवर ठेवलेत. दोन ते तीन जेवणाची सुट्टी असते, ती सोडून कधीही या.