सात फटींचं भांडण आणि एका बोल्टचा प्रश्न

थारचा नवा फोटो आला की भारतातल्या गाडीवेड्यांत एक वाद हमखास पेटतो. एक म्हणतो, समोरची जाळी पाहा, ही तर जीपची नक्कल. दुसरा म्हणतो, कसली नक्कल, महिंद्रा चाळीसच्या दशकापासून जीप बांधतेय. मग तिसरा येतो आणि सांगतो की अमेरिकी गाडीच्या नादी लागूच नका. शेव्हरोले गेली, फोर्ड गेली, उद्या जीपही जाईल आणि तुम्ही बसाल हेडलाइट शोधत.

ओहायोतलं टोलेडो ते मिशिगनमधलं डेट्रॉइट हा जेमतेम तासाभराचा पट्टा. जीपची रँग्लर इथेच बनते आणि हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेल्या रस्त्यांवर इथेच गंजते. इथून पाहताना पहिल्या दोघांचं भांडण फुकटचं वाटतं. तिसऱ्याची भीती खरी आहे, फक्त तो ती चुकीच्या जागी ठेवतो.

आधी नक्कल. १९४० साली अमेरिकी लष्कराने हलकी चारही चाकं ओढणारी गाडी मागितली, नमुना द्यायला मुदत ४९ दिवस. ती पाळली पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने. आराखडा कार्ल प्रॉब्स्टचा. पण बँटमला मोठा आकडा झेपणार नाही म्हणून लष्कराने तिचा आराखडा टोलेडोच्या विलिस-ओव्हरलँडला आणि फोर्डला दाखवला. विलिसने त्यात आपलं ६० अश्वशक्तीचं ‘गो डेव्हिल’ इंजिन घातलं. फोर्डने पट्ट्या जोडून केलेल्या जाळीऐवजी एका पत्र्यातून ठोकून काढलेली फटींची जाळी आणली, कारण ती स्वस्त पडत होती. लष्करी जीपला अशा नऊ फटी. युद्धानंतर मुलकी गाडीला विलिसने मोठे दिवे लावले, जागा कमी पडली आणि नवाच्या सात झाल्या. सात खंडांवरून सात फटी ही गोष्ट नंतर चिकटलेली आहे. म्हणजे ज्या तोंडावरून आज कोर्टकचेऱ्या होतात, ते फोर्डच्या प्रेसवर जन्मलं आणि गाडीची मूळ कल्पना बँटमची. १९४८ साली तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने विलिसला बजावलं की जीप आम्ही निर्माण केली असं म्हणायचं नाही. तरी १९५० मध्ये ‘जीप’ हे नाव विलिसच्याच नावावर नोंदलं गेलं.

पुढे मालक बदलत राहिले. १९५३ ला कायझर, १९७० ला अमेरिकन मोटर्स, १९८७ ला क्रायस्लर, मग डाइमलर, मग एक गुंतवणूक कंपनी, मग फियाट, आणि २०२१ पासून स्टेलांटिस, जिचं मुख्यालय नेदरलँड्समध्ये. ‘अस्सल अमेरिकी’ म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी. मुंबईत माझगावला विलिसच्या जीप जोडायला सुरुवात झाली तेव्हा यातले बहुतेक मालक चित्रातही नव्हते.

आपल्याकडे तर ‘जीप’ हे कंपनीचं नाव राहिलंच नाही. सातारा-कोल्हापूरकडे वडापला, म्हणजे सीट भरून जायला, उभी असते ती जीप. मग ती महिंद्राची असो नाहीतर टेम्पो ट्रॅक्स. सरकारी जीप, प्रचाराची जीप, सगळं एकच. (‘टेम्पो’चंही तेच झालं, तोही मुळात एका जर्मन कंपनीचा ब्रँड.) अमेरिकेत मात्र ब्रँडचं असं सामान्यनाम होऊ नये म्हणून वकिलांची फौज असते. महिंद्राने २०१८ साली रॉक्सर नावाची, रस्त्यावर नव्हे तर शेतात-रानात चालवायची गाडी इथे आणली. सुटे भाग भारतातून यायचे, जोडणी ऑबर्न हिल्समध्ये, म्हणजे जीपचं अमेरिकी मुख्यालय आहे त्याच गावात. त्याच वर्षी तक्रार झाली. २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने रॉक्सरचा चेहरामोहरा जीपचा हक्क मोडतो असं ठरवलं, महिंद्राने तोंड बदललं, आयोगाने बदललेलं तोंड चालेल म्हटलं, आणि तरी खटला पुढे कोर्टात रेंगाळला.

या सगळ्या गदारोळात गाडीखाली वाकून कोणी पाहत नाही. वाकलं तर दिसतं की आजच्या थारला पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि रँग्लरला अजून अखंड अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. चेहरा मिळताजुळता, हाडं वेगळी. मालकाला रोज भोगावा लागतो तो हाडांमधला फरक.

रँग्लरवाले ज्याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात तो याच अखंड अ‍ॅक्सलचा प्रसाद. साधारण ७० ते ९० च्या वेगात एखादा खड्डा किंवा पुलाचा सांधा लागतो आणि पुढची चाकं डावी-उजवीकडे इतक्या जोरात फडफडू लागतात की स्टिअरिंग हातात राहत नाही. एकदा सुरू झालं की वेग ३०-४० पर्यंत उतरल्याशिवाय थांबत नाही. जोरात ब्रेक मारू नये. स्टिअरिंग घट्ट पण न झुंजता धरून वेग उतरू द्यावा.

कारण बहुतेक वेळा एका बोल्टपाशी येऊन थांबतं. पुढचा अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक तिरका दांडा त्याला चेसिसशी बांधतो, तो ट्रॅक बार. त्याच्या दोन्ही टोकांचे बोल्ट थोडे जरी ढिले राहिले तरी दांडा प्रत्येक धक्क्याला कणभर सरकतो, भोक हळूहळू लांबट होतं, आणि मग बोल्ट कितीही आवळला तरी उपयोग नाही. २००७ ते २०१८ च्या जेके रँग्लरला या बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, सुमारे १७० न्यूटन-मीटर आहे. हाताच्या अंदाजाने लागणारा हा आकडा नव्हे, त्याला टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पानाच हवा. आणि आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर लटकलेली असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो.

तपासणी दोघांनी करायची. चाकं जमिनीवर, इंजिन चालू, एकाने स्टिअरिंग थोडं डावीकडे-थोडं उजवीकडे असं सतत हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली प्रत्येक सांध्यावर बोट अशा तऱ्हेने ठेवायचं की अर्धं बोट बोल्टवर आणि अर्धं ब्रॅकेटवर. दोन्ही एकत्र हलले तर ठीक. मध्ये टिचकी लागली तर तोच आजार. मग एकेक चाक उचलून वर-खाली धरून हलवायचं, ढिलेपणा असेल तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. आडवं धरून हलवायचं, ढिलं लागलं तर स्टिअरिंगच्या टाय रॉडचं टोक. टायरचं बॅलन्सिंग शेवटी नव्हे, सर्वात आधी पाहावं, कारण ते स्वस्त आहे. गाडी उंच केली असेल तर कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा झुकाव) कमी झालेला असतो, तो खालच्या कंट्रोल आर्मने, म्हणजे अ‍ॅक्सल चेसिसला जोडणाऱ्या दांड्याने, परत आणावा लागतो. नुसते स्प्रिंग बदलून देणारे हे सांगत नाहीत.

इथे गॅरेजवाले पहिल्यांदा काय विकतात, तर स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉक अॅब्सॉर्बर. तो बदलला की थरथर काही महिने थांबते. थांबते म्हणजे झाकली जाते. २०१८ नंतरच्या जेएल मॉडेलवर तक्रारी वाढल्या तेव्हा कंपनीनेही २०१९ मध्ये उपाय म्हणून नवा डॅम्परच दिला. सांधे धड असतील तर तो पुरतो, नसतील तर नाही.

दुसरी खोड ३.६ लिटरच्या पेंटास्टार इंजिनाची, रँग्लरमध्ये २०१२ पासून. ऑइल फिल्टर आणि ऑइल कूलर धरणारं घर प्लास्टिकचं, आणि ते इंजिनाच्या व्ही आकाराच्या खोबणीत, हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खाली. उष्णतेने ते वाकतं, तडकतं. तेल आधी खोबणीत साचतं, मग मागून ओघळून गिअरबॉक्सच्या तोंडाशी टपकतं. खालून पाहणारा फिटर म्हणतो, क्रँकचा मागचा सील गेला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. त्याआधी वरचा मॅनिफोल्ड काढून टॉर्च मारून खोबणी पाहा. तिथे तेलाचं डबकं दिसलं तर सील बहुधा निर्दोष आहे. बदलताना बाजारात मिळणारं अ‍ॅल्युमिनियमचं घर घालावं. फिल्टरच्या टोपणाला २४ मिलिमीटरचा सॉकेट लागतो आणि त्यावरच २५ न्यूटन-मीटर असं छापलेलं असतं. लांब पाना लावून ‘घट्ट झालं’ म्हणणाऱ्यांनीच निम्मी घरं तडकवली असावीत.

जीपच्या जुन्या ४ लिटरच्या सरळ सहा सिलिंडर इंजिनाची इथे पूजा होते, आणि ती रास्त आहे. पण २०००-२००१ च्या गाड्यांत ०३३१ क्रमांक ओतलेलं हेड तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरमध्ये तडकतं आणि कूलंट तेलात उतरतं. तेलाच्या टोपणाखाली ताकासारखा फेस दिसला की सौदा सोडून निघावं. गंजाबद्दल एवढंच, की १९९७ ते २००६ च्या टीजे रँग्लरची चेसिस बंद डब्यासारखी असते, आत चिखल आणि मीठ साचतं, आणि मागच्या कंट्रोल आर्मच्या जागी ती आतून कुजते. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहतात. हिवाळ्याआधी चेसिसच्या आत लॅनोलिनचं तेल फवारण्याची इथली सवय कोकणात पावसाळ्याआधी उचलण्यासारखी आहे.

एवढ्या खोडी असूनही इथला माणूस वीस वर्षांची जीप बिनधास्त घेतो. कंपनीवर प्रेम म्हणून नव्हे. हीच कंपनी २०१३ मध्ये जुन्या ग्रँड चेरोकीच्या मागे असलेल्या इंधन टाकीच्या रिकॉलला (सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त करायला) आधी नाही म्हणाली, मग संख्या कमी करून कबूल झाली, आणि उपाय काय, तर टाकीमागे टो-हिच, म्हणजे मागची गाडी ओढायचा आकडा. २०१५ साली रिकॉलमधल्या हयगयीबद्दल तिच्यावर साडेदहा कोटी डॉलरचा दंड बसला. चार्जिंगच्या (प्लग-इन हायब्रिड) रँग्लरवाल्यांना तर बॅटरीला आग लागू शकते म्हणून ‘चार्ज करू नका, घरापासून लांब उभी करा’ असं कळवावं लागलं.

बिनधास्तपणा येतो तो दुसरीकडून. सतरा अंकी चेसिस नंबर अमेरिकेच्या सरकारी साइटवर टाकला की बाकी राहिलेला प्रत्येक रिकॉल दिसतो आणि पहिल्या विक्रीपासून १५ वर्षं तो फुकट करून मिळतो. इतर मालकांच्या तक्रारी आणि कंपनीने डीलरांना पाठवलेली तांत्रिक पत्रकंही तिथेच उघडी. १९७५ च्या वॉरंटी कायद्यामुळे बाहेरचा पार्ट घातला एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही. आणि ट्रॅक बार बनवणाऱ्या कंपन्या डझनभर.

आता आपल्याकडचा तिसरा माणूस. त्याने शेव्हरोले, फोर्डची नावं घेतली ती बरोबर. शेव्हरोलेची विक्री २०१७ अखेर बंद झाली, तळेगावचा कारखाना घ्यायचा करार २०२३ मध्ये ह्युंदाईने केला; फोर्डने २०२१ मध्ये भारतातल्या विक्रीसाठीचं उत्पादन थांबवलं. पण मालक अडकतो ते कंपनीचा देश कोणता यामुळे नाही. शेव्हरोलेच्या ‘सेल’ या गाडीचं १.३ डिझेल इंजिन मुळात फियाटच्या घराण्यातलं, त्याचे भाऊबंद मारुती-टाटात भरपूर. त्याचे पार्ट पुण्याच्या नाना पेठेत आजही निघतात. अडतं ते दिवा, बंपर, सेन्सर, इसीयू (गाडीचा संगणक) यांपाशी. रांजणगावला बनणाऱ्या जीपच्या कंपासलाही हाच हिशेब लावावा. तिचं दोन लिटरचं डिझेल टाटा हॅरियर आणि एमजी हेक्टरमध्येही जातं, त्यामुळे इंजिनाची चिंता कमी. पत्रा, दिवे आणि इलेक्ट्रॉनिक्स मात्र तिचं एकटीचं.

आणि कायदा म्हणाल तर १ एप्रिल २०२१ पासून भारतात रिकॉलचे नियम आहेत, दंडही आहे, पण सात वर्षांपर्यंतच्याच गाड्यांना. २०१७ ची कंपास त्या हद्दीबाहेर गेली. सात वर्षांची मुदत पंधरा करा, सर्व्हिस पत्रकं उघडी करा, बाहेरच्या पार्टबद्दलची अडवणूक थांबवा, यावर कोणी दहा ओळी लिहीत नाही. फटी मात्र सगळे मोजतात. तोवर सेकंडहँड कंपास घेणाऱ्याने एवढं करावं: आरसीवरचा चेसिस नंबर देऊन कोणते रिकॉल झाले, कोणते बाकी, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागावं, आणि सौदा ठरण्याआधी पुढच्या-मागच्या दिव्यांची नि बंपरची किंमत व मिळायला लागणारे दिवस विचारून ठेवावेत.